मामाचं झबलं

ऑक्सिजन वाढवला तरी पल्स ऑक्सिमीटरवरचा ८५ चा आकडा हलेना. बाळ सहा दिवसांचं, मुलगा, पहिलटकरणीचा. बाळंतपण माहेरी झालेलं. छाती स्वच्छ, हृदयात मर्मर नाही, पण अंगावर राखाडी निळसर झाक आणि डोळे पिवळेधमक. कावीळ आणि निळेपणा असा एकत्र फारसा येत नाही. आला तर कान टवकारायचे.

रक्त काढताना सिस्टर म्हणाल्या, "सर, हे बघा ना." सुईतून आलेलं रक्त चॉकलेटी होतं. त्याचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकला, शेजारी माझ्या बोटातला. हवा लागल्यावर माझा थेंब लालभडक झाला, बाळाचा तसाच तपकिरी राहिला. म्हणजे मेथेमोग्लोबिन, ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारं बिघडलेलं हिमोग्लोबिन. आमच्याकडे ते मोजायचं यंत्र नाही, पण एवढ्यावर भागतं. बिलिरुबिन २४, हिमोग्लोबिन साडेनऊ. आई आणि बाळ दोघंही ओ पॉझिटिव्ह, कूम्ब्स, म्हणजे पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी, निगेटिव्ह. पेशी भराभर फुटत होत्या आणि रक्तगटाचा काही संबंध नव्हता.

दुपटं सोडलं तेव्हा वास आला. डांबराच्या गोळ्यांचा.

"आजी, हे कपडे कुठले?"

"पेटीतले. आमच्या बाबूचे. मऊ झालेत ना, म्हणून जपून ठेवले होते."

बाबू म्हणजे बाळाचा मामा, दारातच उभा होता. झबलं, टोपडं, दुपटं, सगळं त्याच्या लहानपणीचं. न धुता, फक्त उन्हात टाकून घातलेलं. त्यात रोज तेलाचं मालीश. या गोळ्यांतलं नॅप्थलिन तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट कातडीतून ते जास्त आत शिरतं.

आता ते घरोघरच्या ट्रंकांत असतं आणि सगळी बाळं काही अशी पडत नाहीत. माझा संशय जी-सिक्स-पीडी या एन्झाइमच्या कमतरतेवर गेला. पूर्ण नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात. ऑक्सिडीकरणाचा मारा परतवायला लागणारं एनएडीपीएच तिला ग्लुकोजच्या पेंटोज फॉस्फेट मार्गातूनच मिळतं आणि त्या मार्गाची पहिली पायरी हे एन्झाइम चालवतं. ते कमी पडलं की पेशीचा बचाव करणारं ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लागत नाही, हिमोग्लोबिन बिघडून पेशीच्या पडद्याला चिकटतं आणि प्लीहा त्या पेशींचे लचके तोडते. नॅप्थलिनपासून शरीरात जे पदार्थ तयार होतात, ते नेमका हाच मारा करतात. त्यात नवजात बाळात मेथेमोग्लोबिन पूर्ववत करणारं दुसरं एन्झाइमही मोठ्या माणसाच्या मानाने निम्म्याच ताकदीचं असतं.

सिस्टरांनी मेथिलीन ब्लूचं अँप्यूल काढून ठेवलं होतं. मेथेमोग्लोबिनवर पुस्तकात तेच लिहिलेलं आहे, त्यांचं काही चुकत नव्हतं. पण ते औषध चालायला एनएडीपीएच लागतं. या बाळाकडे त्याचीच वानवा असली, तर औषध लागू पडणार नाही, वर आणखी पेशी फुटतील. अँप्यूल परत ट्रेमध्ये गेलं. रक्तबदल करायचा ठरलं. त्यात कावीळ आणि मेथेमोग्लोबिन दोन्ही एकदमच निघतं.

मामा पुढे झाला. "डॉक्टर, माझं घ्या. ओ पॉझिटिव्हच आहे."

या एन्झाइमचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, मुलाला तो आईकडून मिळतो. आईला आजीकडून मिळाला असेल तर मामाही त्याच रांगेतला. मी त्याला विचारलं, "मलेरियाच्या गोळ्यांनी कधी त्रास झाला होता?"

"कॉलेजात असताना. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कोकासारखी काळी. सगळे म्हणाले, गोळ्या उष्ण पडल्या."

प्रायमाक्विन. त्याचं रक्त अर्थातच घेतलं नाही, रक्तपेढीतून मागवलं. बदलण्याआधीचा नमुना बाजूला काढून ठेवला, कारण नंतर तपासलं तर दात्याचं एन्झाइम मोजलं जातं. नाळेच्या शिरेतून दहा-दहा मिली काढत आणि भरत, आम्ही दोन तास उभे होतो. शेवटी शेवटी नळीत येणारं रक्त लाल दिसायला लागलं आणि ओठांवर रंग आला.

बाहेर वेगळंच चाललं होतं. सासरची मंडळी पोचली होती आणि "तुमच्याकडचाच दोष" इथवर गाडी आली होती. आजी भिंतीला टेकून गप्प. असल्या वेळी आनुवंशिकता समजावणं फार जपून करावं लागतं. मी सांगितलं, जगात ४० कोटींहून जास्त लोकांत हे आहे, मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं म्हणून टिकलंय, याच्या एका प्रकाराला तर केरळ-कल्याण असं नाव आहे. कल्याणचं नाव ऐकून सासरे जरा नरमले, ते तिथलेच.

ठेवलेल्या नमुन्याच्या चाचणीत एन्झाइम धड कमीही आलं नाही, धड पुरेसंही नाही. पेशी फुटत असताना असंच होतं: जुन्या पेशी आधी जातात, उरलेल्या नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. तीन महिन्यांनी पुन्हा केली. अतिनील दिव्याखाली नेहमीच्या रक्ताचा ठिपका निळसर चमकतो, कारण एनएडीपीएच चमकतं. बाळाचा ठिपका काळा. मामाचाही.

लसीकरणाच्या कार्डावर लाल शाईने लिहून दिलं: प्रायमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटोइन, डांबरगोळी, बाकला (फावा बीन). आजींनी यादी दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, "मग वालाचं बिरडं?"

वाल वेगळा, बाकला वेगळा. बिरडं खुशाल खाऊ दे म्हटलं.