नुसतं बसायला

बँकेत किंवा एलआयसीत नोकरीला असलेल्या नातेवाइकाला आपल्याकडं जो मान मिळतो, तो पगारापेक्षा हॉलिडे होममुळं मिळतो असं माझं जुनं मत आहे. गोवा, महाबळेश्वर, उटी, कुठंही दोन खोल्या, एक चिडका केअरटेकर आणि भाडं इतकं कमी की चारचौघांत सांगायला संकोच वाटावा. बेळगावात लग्न ठरवताना मुलाची ही बाजू कुणी उघड विचारत नाही, पण विचारात घेतात.

हे सगळं साहेबी खूळ, असं मी धरून चाललो होतो. पण इंग्लंडात हॉलिडे होमचं एक जुनं घराणं आहे, आणि तिथं साहेब कमी आणि कामगार जास्त भेटतात. 1798 मध्ये नॉटिंगहॅम गावी विल्यम सिंगल्टन आणि सॅम्युएल फॉक्स या दोघांनी लेस आणि मोज्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या तरण्या बायकांसाठी शाळा काढली. त्यातला फॉक्स हा किराणा दुकानदार. वाचायला येत नाही म्हणून बायबल उघडता येत नाही, ही अडचण. वय झालं म्हणून काय शिकू नये, हा त्यावरचा उपाय. आमच्या शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांत हे सांगितलं तर कुणालाही लगेच पटेल. पुढं 1845 मध्ये जोसेफ स्टर्जनं बर्मिंगहॅमच्या सेव्हर्न स्ट्रीटवर अशीच शाळा सुरू केली. चॉकलेटवाल्या कॅडबरींपैकी जॉर्ज कॅडबरी तिथं अनेक वर्षं शिकवायचा. वर्ग रविवारी भल्या सकाळी! आठवडाभर भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस एकुलत्या सुट्टीच्या दिवशी पाटी घेऊन येतो, आणि कारखान्याचा मालक त्याची अक्षरं गिरवून घेतो. 1910 च्या सुमाराला या प्रौढशाळांचे सभासद लाखाच्या घरात गेले होते.

(जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात 1855 मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. आपण त्यांच्या फार मागं नव्हतो.)

शाळा म्हटलं की अक्षरांवर थांबायला हवं. या शाळा थांबल्या नाहीत. बचतीची पेटी आली, आजारपणाचा फंड आला, ग्रंथालय आलं, आणि मग सभासदांना चार दिवस मोकळी हवा मिळावी म्हणून गावाबाहेरची घरं आली. इतर शाळा सुट्टी देतात. यांनी सुट्टीला जायला घर दिलं.

तो काळच तसा होता. लँकेशायरमधल्या कोल्न गावचे गिरणी कामगार वर्षभर साठवलेला पैसा ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी चार दिवसांत उडवून परत यायचे, हे तिथल्या लेनर्ड नावाच्या पाद्र्याला बघवेना. 1891 मध्ये त्यानं तीसेक जणांना घेऊन लेक डिस्ट्रिक्टमधलं अँबलसाइड गाठलं. दिवसभर डोंगर तुडवायचे, संध्याकाळी गाणं आणि एखादं व्याख्यान. त्यातूनच 1893 मध्ये सहकारी सुट्टी संघ उभा राहिला. साधं जेवण, दारूला मज्जाव, बूट आपले आपण पुसायचे. मला विचाराल तर व्याख्यान थोडं जास्तच झालं. डोंगर चढून आलेल्या माणसाला झाडांची नावं ऐकवणं हा सज्जनांचा जुना आजार आहे.

पण एक गोष्ट मला फार आवडली. संघाच्या घरांत पैसे घेत, थोडेच घेत, पण घेत. त्यामुळं येणारा उपकाराखाली वाकून येत नसे. आणि ज्याच्याकडं तेवढेही नसत, अशा काहींची सोय संघ फुकटात करी.

आपल्याकडं फुकट किंवा स्वस्तात उतरायला धर्मशाळा आहेत, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. फक्त तिथं देवाचं नाव सांगावं लागतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला चाललो, आदमापूरला बाळूमामाच्या अमावस्येला चाललो म्हटलं की घरचे सोडतात आणि तिथले घेतात. सीमाभागातल्या बाईची हक्काची सुट्टी म्हणजे यल्लम्माचा डोंगर. ट्रॅक्टरात पातेली, पीठ, लाकडं, पोरं भरायची; वर पोचलं की चूल मांडायची, पुरणपोळीचा नैवेद्य करायचा आणि मग सगळ्या कुळाला जेवू घालायचं. म्हणजे घरी जे करायचं तेच, उंचावर. ‘कशाला आलाय?’ या प्रश्नाला ‘नुसतं बसायला’ असं उत्तर चालेल, अशी एकही जागा त्या वाटेवर नाही.

कायद्यात सुट्टी नाही, असं नाही. इंग्लंडात पगारी सुट्टीचा कायदा 1938 चा. आपल्याकडं 1948 चा फॅक्टरी कायदा होता, आणि विडी कामगारांसाठी 1966 चा खास कायदा; 2025 मध्ये दोन्हींची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली. वीस दिवस कामामागं एक दिवस पगारी रजा. निपाणीला आमच्या ओळखीच्या विड्या वळणाऱ्या एक मावशी आहेत, पहिल्या साक्षरता वर्गातल्या, सही आता झोकात करतात. त्यांना हे कलम सांगितलं.

‘सुट्टी हाय म्हणतासा, खरं हजारावर मजुरी हाय न्हवं? हात थांबला की मजुरी थांबली. त्यात छाट काढतोय तो वेगळाच.’ छाट म्हणजे नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या.

मग मी त्यांना कोल्नच्या कामगारांची गोष्ट सांगितली. ब्लॅकपूलला पाहुणे बाजारातून जिन्नस आणून देत आणि घरमालकीण ते शिजवून देई, हे त्यांना नीट कळलं. लेनर्डच्या घरात जिन्नसही आणावा लागत नसे, हे मात्र पटेना.

‘मग बायकांनी काय करायचं?’

‘काही नाही. फिरायचं, बसायचं. समजा, आपल्या आंबोलीला असं एक घर काढलं. वर्गातल्या सगळ्याजणी चार दिवस. येणार?’

त्यांनी सूप मांडीवर घेतलं, पानं कापायला घेतली आणि बराच वेळ विचार केला.

‘येतो की. खरं पान-तंबाखू संगं आणली तर चालतंय का तिथं?’

नियमावली अजून झालेली नाही, म्हणून मी चालेल म्हणालो. व्याख्यानापेक्षा ते बरं.