ताम्हिणीत बंद पडलेला जीपीएस

सासूबाईंना घेऊन पुण्याहून माणगावला निघाले होते. ताम्हिणीत मोबाइलची रेंज जाते, म्हणून दादाने त्याचा जुना जीपीएस काचेवर लावून दिला होता. नकाशे त्याच्या पोटातच, आणि आपण कुठे आहोत ते उपग्रहांवरून कळतं, त्यामुळे नेटची गरज नाही. गरज फक्त करंटची. नेमक्या घाटातल्या खड्ड्यांनी लायटर सॉकेटमधला प्लग ढिला झाला आणि यंत्राची म्हातारी बॅटरी दहा मिनिटांत संपली. बाहेर पाऊस, समोर धुकं आणि स्क्रीन काळी. मी खरंच घाबरले.

घरी आल्यावर मोबाइलचा घट्ट बसणारा चार्जर आणि साधी मिनी यूएसबी केबल लावून पाहिली. यंत्र चालू झालं, पण नकाशाऐवजी कॉम्प्युटरचं चित्र! कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. मिनी यूएसबीत पाच पिना असतात. माझ्या यंत्राच्या मूळ केबलमध्ये चौथ्या पिनेला एक रेझिस्टर आहे, त्यावरून यंत्राला कळतं की पलीकडे चार्जर आहे. साध्या केबलमध्ये तो नसतो, मग ते स्वतःला कॉम्प्युटरला जोडलेलं समजतं. म्हणजे मूळ केबलच हवी. ती कापून सरळ गाडीच्या वायरीला जोडणं मात्र घातक, कारण बाराचे पाच व्होल्ट करणारं सर्किट त्या प्लगच्या आतच आहे.

मग नाना पेठेतून एक सुटं लायटर सॉकेट आणलं आणि वायरिंगवाल्याकडून डॅशबोर्डमागे बसवून घेतलं. मूळ प्लग त्यात घालून केबल टायने आवळला, आता हलायची सोय नाही. पण चार दिवस गाडी उभी राहिली आणि पाचव्या दिवशी सेल्फ लागेना. वायरिंगवाल्याने करंट बॅटरीच्या थेट लाइनवरून घेतला होता, म्हणजे किल्ली बंद असली तरी जीपीएस चालूच. स्क्रीन चालू असताना यंत्र साधारण पाव अँपिअर ओढतं. शहाण्णव तासांचे झाले चोवीस अँपिअर-तास, आणि माझी बॅटरी पस्तीसची.

‘‘ताई, किल्लीवरचा करंट पाहिजे असं आधी बोलायचं ना,’’ तो म्हणाला. मला तेव्हा हा फरकच माहीत नव्हता. माझ्या मते हा प्रश्न वायरिंग करणाऱ्याने आधी विचारायला हवा.

दुसऱ्यांदा मी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर घेऊन त्याच्या शेजारी बसले. किल्ली बंद असताना शून्य आणि अॅक्सेसरीवर (इंजिन सुरू होण्याआधीच्या टप्प्यावर) फिरवल्यावर बारा दाखवणारा फ्यूज शोधला. त्या जागी फ्यूज टॅप (एका फ्यूजच्या जागेतून आणखी एक वायर काढून देणारा जोड) लावून आमच्या वायरीला वेगळा दोन अँपिअरचा फ्यूज दिला. काळी वायर बॉडीच्या बोल्टला जोडली, पण आधी तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडायला लावला. रंगावर बसवलेलं अर्थिंग धक्क्यांनी सुटतं. केबल पेडलपासून लांब, काचेच्या बाजूच्या खांबाच्या पट्टीआडून काचेपर्यंत नेली. (खांबात एअरबॅग असेल तर हे अजिबात करू नका. माझ्या गाडीत नाही.)

इंजिन सुरू केल्यावर सॉकेटवर १४.१ व्होल्ट आले. गेल्या रविवारी पुन्हा ताम्हिणीतून गेलो. मुळशीपासून माणगावपर्यंत स्क्रीन एकदाही विझली नाही, आणि सासूबाई निवांत झोपल्या होत्या.