"त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतं" म्हणे

मागच्या आठवड्यात ऑफिसात पीरियड लीव्हचा विषय निघाला आणि एक सीनियर अगदी सहज बोलून गेले, "अहो त्या दिवसांत बायकांचं डोकं ठिकाणावर नसतंच, सायकॉलॉजीत प्रूव्ह झालंय ते." माझं एम.ए. सायकॉलॉजीतलं आहे हे त्यांना माहीत नाही. तिथे गप्प बसले (अप्रेझल तोंडावर आहे), म्हणून इथे लिहितेय.

प्रूव्ह वगैरे काही झालं नव्हतं हो. मोठमोठ्या माणसांनी म्हटलं होतं, एवढंच. 1873 साली बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी तर पुस्तकच काढलं की मुलींनी वयात येताना मुलांसारखा अभ्यास केला तर सगळी ताकद मेंदूकडे जाते आणि गर्भाशयाचं वाटोळं होतं. पुरावा काय, तर त्यांनी पाहिलेल्या मोजक्या आजारी मुली. आजारीच बघितल्या तर आजारीच दिसणार ना!

मोजून बघितलं ते लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने. नेब्रास्कात शिक्षिका होती, 1908 ला लग्न करून न्यूयॉर्कला आली तर तिथे लग्न झालेल्या बाईला सरकारी शाळेत नोकरी देतच नव्हते, बसली घरी. मग कोका-कोलावर अमेरिकन सरकारने कॅफीनवरून केस टाकली होती, कंपनीला कॅफीनचा डोक्यावर काय परिणाम होतो ते तपासून हवं होतं, ते काम 1911 मध्ये तिच्या नवऱ्याला मिळालं, हीसुद्धा त्यात राबली आणि त्या पैशांतून हिचं पुढचं शिक्षण झालं. मला हा किस्सा फार आवडतो, का ते सांगता येणार नाही.

तर तिने 23 बायका घेतल्या आणि तुलनेसाठी 2 पुरुष. त्यातल्या काहींच्या तर तीन महिने रोज टेस्ट. टेस्टपण साध्या, ठरलेल्या वेळात किती वेळा टकटक करता येतं, हात किती स्थिर राहतो, रंगांची नावं किती भराभर सांगता येतात, शब्द दिला की विरुद्ध अर्थाचा शब्द पटकन सुचतो का. (मी काल डायनिंग टेबलवर पेनने टकटक करून बघितली, मोबाईलवर 30 सेकंद लावून. नवरा आतून ओरडला, "दार वाजतंय बघ.") निकाल 1914 ला छापून आला: पाळीच्या दिवसांत कामात घसरण सापडली नाही. नमुना लहान होता हे खरं, पण तोवर छातीठोकपणे बोलणाऱ्यांकडे तेवढाही नव्हता. आणि हो, पोट दुखतं ते दुखतंच, सुट्टी त्यासाठी हवीय. डोकं शाबूत असतं.

तिचे गाइड होते एडवर्ड थॉर्नडाइक, तेच ते, मांजरांना पझल बॉक्समध्ये (युक्तीने उघडायच्या पेटीत) ठेवून ती बाहेर पडायला कशी शिकतात ते बघणारे सायकॉलॉजिस्ट. त्यांचा तेव्हाच्या एका लाडक्या थिअरीवर विश्वास होता, की पुरुषांमध्ये फरक जास्त, म्हणून अतिहुशार पुरुषच आणि अतिमंदही पुरुषच, बायका सगळ्या मधल्या. पुरावा म्हणून मतिमंदांच्या संस्थांचे आकडे दाखवायचे, तिथे पुरुष जास्त. लेटाने एका सहकारी बाईबरोबर 1000 मुलगे आणि 1000 मुली अशा नवजात बाळांच्या शरीराची मापं तपासली, तर मुलग्यांमध्ये फरक जास्त असं काही दिसेना. पण खरी गंमत पुढे आहे. ती न्यूयॉर्कमध्ये मतिमंद समजल्या जाणाऱ्या लोकांची बुद्धिमापन चाचणी घ्यायच्या कामावर होती, आणि तिच्या लक्षात आलं की मुलगा कमाईच्या वयाला आला, काम जमेना, की लगेच त्याला तपासायला आणतात. मुलगी मात्र घरात भांडी घासत, पोरं सांभाळत वर्षानुवर्षं खपून जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. संस्थेत बायका कमी होत्या कारण त्या घरी कामाला होत्या!

हे वाचलं तेव्हा मला आजोळची एक लांबची मावशी आठवली. तिला दहाच्या पुढे मोजता यायचं नाही, बाजारात कधीच पाठवायचे नाहीत. पण पहाटे उठून सगळ्या घराच्या भाकऱ्या ती थापायची. शेजारचा एक मुलगा तिच्यासारखाच होता, त्याला अख्खं गाव वेडा म्हणायचं, मिरजेला डॉक्टरकडेपण नेऊन आणलेलं. मावशीला मात्र सगळे म्हणायचे, "स्वभावाने गरीब आहे हो."