हंबनटोटाच्या धक्क्यावर चेन्नईच्या गाड्या

मी कार कॅरियरवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या जहाजावर, चीफ ऑफिसर आहे. 2022च्या सप्टेंबरात चेन्नईहून गाड्या भरून आम्ही श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराला लागलो. 16 ऑगस्टलाच 'युआन वांग 5' हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज तिथे आलं होतं. दिल्लीने नाराजी कानावर घालूनही कोलंबोने शेवटी त्याला येऊ दिलं. घरून फोन आला, "तिकडे काही गडबड नाही ना?"

गडबड कसली! रॅम्प टाकला, गाड्या बांधून ठेवणारे लॅशिंगचे पट्टे सुटले आणि ड्रायव्हरांची गँग गाड्या भराभर खाली न्यायला लागली. तमिळनाडूत बनलेल्या त्या गाड्या इथून दुसऱ्या जहाजांवर चढून पार दूरदेशी जाणार. ज्या बंदरावरून आपल्याकडे एवढी चर्चा, त्याला धंदा आपलेच कारखाने देतात.

आमच्या जहाजाचा एजंट तिथलाच पोरगा. यार्डात कोऱ्या गाड्यांच्या रांगा, आणि याच्या मोटरसायकलला क्यूआर कोडवर रेशनचं, आठवड्याला 4 लिटर पेट्रोल. चहा पिताना मी विचारलंच, "कर्ज फिटेना म्हणून चीनने बंदर घेतलं ना?"

तो हसला. "सगळे इंडियन चीफ हेच विचारतात, सर."

खरं तर 2017मध्ये चायना मर्चंट्स या चिनी सरकारी कंपनीने 112 कोटी डॉलर मोजून बंदराचा 99 वर्षांचा भाडेकरार केला. ते पैसे कोलंबोच्या डॉलरच्या गंगाजळीत गेले. बंदर बांधायला चीनच्या एक्झिम बँकेकडून काढलेलं कर्ज सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. श्रीलंकेची मोठी देणी तेव्हा पाश्चात्त्य बाजारातल्या रोख्यांची होती.

मला हे सावकाराने घर बळकावण्यापेक्षा जास्त हुशारीचं वाटतं. पूर्व-पश्चिम जहाजांचा हमरस्ता इथून दहा-बारा मैलांवर, तरी 2010मध्ये उघडलेलं हे बंदर तोट्यातच चाललं होतं. चिनी कंपनीने गिऱ्हाईक आणलं, लोकांना नोकऱ्या लागल्या. करारात लष्करी वापराला श्रीलंकेची परवानगी लागते, हेही खरं. पण तिजोरी रिकामी आणि धक्का त्यांच्या हाती, अशा वेळी 'नाही' म्हणायचं तरी कोणत्या जोरावर?

कागदांवर सह्या झाल्यावर त्याने विचारलं, "परत कधी, सर?" शेड्यूलमध्ये पुढच्या फेरीलाही हंबनटोटाच होतं. एकेका देशासाठी चेन्नईहून अख्खं जहाज भरेल एवढ्या गाड्या निघत नाहीत, मग कंपनी तरी दुसरं काय करणार?