यादी, काटा आणि उधारीची वही : आमची वाटचाल

आमचं किराणा दुकान १९९४ सालचं, पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. पहिली वीस वर्षं इथे लिहीत नाही. माल आला, विकला, भुसार व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर गेले, एवढंच त्यांचं सार. लिहायचं आहे ते २०१५ नंतरचं, कारण त्या काळात दुकान बंद पडता पडता राहिलं आणि तेव्हाच गावात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, भाव वाढला की वाण्याची चांदी.

हे वाक्य का खोटं आहे ते आधी आकड्यांत मांडतो. तूरडाळीचा ५० किलोचा कट्टा १६५ रुपये किलोने घेतला, तर ८,२५० रुपये झाले. हमाली, तोलाई आणि टेम्पोभाडं मिळून ९० रुपये धरा. कट्टा चाळला की चुरी, फोलपट आणि खडे मिळून सहाशे ग्रॅम तरी निघतात, म्हणजे विकायला उरली ४९ किलो ४०० ग्रॅम. किलोला पडता भाव, म्हणजे आम्हाला पडलेली किंमत, झाला १६८ रुपये ८० पैसे. १७५ ला विकली तर सहा रुपये सुटले. आता हीच डाळ ८५ ने येत होती तेव्हाही आम्ही सहाच रुपये सोडवत होतो, कारण रोजचं गिऱ्हाईक चार दुकानांचा भाव तोंडपाठ ठेवतं. भाव जवळपास दुप्पट, सुटणारे रुपये तेवढेच, आणि वीस कट्ट्यांना जिथे ८५ हजार लागायचे तिथे एक लाख पासष्ट हजार घालावे लागले. दुकानात आलेल्या भाववाढीचा खरा अर्थ हा.

त्यात उधारी. २०१४ चा पाऊस कमी, २०१५ चा त्याहून वाईट, मराठवाडा कोरडा. तूर जून-जुलैत पेरली जाते आणि डिसेंबर-जानेवारीत निघते, म्हणजे मधले सहा महिने पीक हाती येणार नाही हे सगळ्या बाजाराला माहीत असतं. म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या तुरीवर किती भिस्त आहे ते तेव्हा कळलं. वर्षाच्या सुरुवातीला शंभराच्या आत असलेली डाळ ऑक्टोबर २०१५ मध्ये दोनशेला टेकली. मार्केट यार्डात आम्हाला पंधरा दिवसांची सवलत असायची, ती बंद होऊन रोखीचा व्यवहार सुरू झाला. इकडे महिन्याची यादी भरणारी घरं मात्र पगार झाल्यावरच पैसे देणार. देणं रोखीचं आणि येणं चाळीस दिवसांचं, या दोन्हींमध्ये छोटा दुकानदार चिरडतो. सरकारने साठ्यावर मर्यादा घातल्या, गोदामांवर छापे पडले, बातम्या आल्या, आणि शिवी खाल्ली ती आम्ही. दुकानात तेव्हा नऊ कट्टे होते.

बुडायची वेळ मात्र भाव चढताना नाही, उतरताना आली. २०१६ मध्ये पाऊस चांगला झाला, तूर भरपूर पेरली गेली. हे दिसत असूनही सणाच्या मागणीसाठी आम्ही चाळीस कट्टे भरले. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, यादीवाल्या घरांकडे रोख नाही आणि आमच्याकडे डाळ पडून. बावीस कट्टे राहिले. नवी तूर विक्रमी आली, भाव हमीभावाच्याही खाली गेला, शेतकरी खरेदी केंद्रांपुढे रांगा लावून बसले. सव्वाशेच्या खरेदीचा माल आम्ही पंचाऐंशीला काढला. अकराशे किलोवर किलोमागे चाळीस, म्हणजे चव्वेचाळीस हजार गेले, आणि वहीत त्याच्या तिप्पट उधारी अडकलेली. भिशी मोडली, नोकर कमी केला.

तेव्हापासूनचा नियम असा, भाव चढत असेल तर साठा कमी करायचा. नवख्या दुकानदाराला हे उलटं वाटतं. चढत्या बाजारात कमी माल ठेवला तर किलोमागे पाच-सहा रुपयांचा फायदा हुकतो, पण उतरत्या बाजारात जास्तीचा माल चाळीस रुपये खातो. डाळ अठरा दिवसांपेक्षा जास्त नाही आणि तेल दहा दिवसांपेक्षा जास्त नाही, हे आम्ही अजून पाळतो. घरांनाही हेच सांगतो. बातमी ऐकून दहा किलो डाळ भरू नका. पावसाळ्यात भुंगा लागतो आणि ऊन दाखवायला गच्ची नसेल तर वाचवलेले पैसे चुरीत जातात.

घराचं बजेट कुठे मोडतं ते आम्हाला वर्तमानपत्राआधी कळतं, कारण यादी आमच्या हातात असते. खातं नंबर ४१ च्या काकू १९९६ पासून यादी देतात, आणि यादीची कार्बन प्रत आम्ही ठेवतो. जुलै २०१४ च्या कागदावर तूरडाळ ३ किलो, शेंगदाणे २, सुकं खोबरं पाव, काजू १०० ग्रॅम, तेल ४ लिटर. नोव्हेंबर २०१५ च्या कागदावर काजू नाहीच, खोबरं १०० ग्रॅम, आणि तूरडाळीच्या ३ वर काट मारून दीड केलेलं. खाली दुसऱ्या पेनने मसूर १, मूग अर्धा. बेरीज पूर्वीच्या यादीइतकी आणण्यासाठी वजनं कमी केलेली स्पष्ट दिसतात.

कपातीचा क्रम बहुतेक घरांत हाच असतो. सुकामेवा आणि बिस्किटं पहिल्यांदा जातात, मग चहापत्ती एक पायरी खालची येते, मग डाळ. तेल सगळ्यात शेवटी कमी होतं, कारण फोडणीची सवय लवकर सुटत नाही. साखर थोडी कमी होते, मीठ कधीच नाही. यादी देणारं घर अचानक दहा-वीस रुपयांच्या पुड्यांवर आलं की समजायचं, महिन्याचा पैसा आता आठवड्याच्या हातावर आला आहे. अशा वेळी पुडीवरचे ग्रॅम वाचून भागाकार करा. मिरची पूड, हळद, धणे या तिन्हींत पुडी महाग पडते, आणि महिन्यात आठ पुड्या गेल्या तर तेवढ्या पैशात सुटी पाव किलो जवळपास येते. सुटी घेताना फक्त नुकती कुटलेली आहे ना ते विचारा.

डाळीत मसूर मिसळायची असेल तर दोन वाट्या तुरीला एक वाटी मसूर. तूर अर्धा तास आधी भिजवा आणि मसूर कोरडीच घाला, म्हणजे दोन्ही एकाच शिट्टीवर सारख्या होतात. मसूर लवकर शिजते. वरणाचा रंग थोडा बदलतो, आमटीत कळतही नाही.

तेलाचं दुखणं वेगळं. देशात लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया आणि युक्रेनमधून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं आणि २८ एप्रिलपासून इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. ती २३ मे रोजी उघडली, पण तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या डब्याचा भाव चढून बसला होता. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या तेलावरचा एकूण आयात कर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस झाला. ऐन सणाच्या तोंडावर गिऱ्हाइकाने विचारलं की कालच्यापेक्षा आज जास्त का, तर त्याला जकातीचा हिशोब सांगायचा का?

सांगायचा असतो तो डब्याचा. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा बाहेरून सारखेच दिसतात. सोयाबीन तेलाचं एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, तेव्हा १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल. किलोचा डबा २,४०० ला आणि लिटरचा २,३०० ला असेल तर लोक शंभर रुपये वाचवल्याच्या आनंदात लिटरचा उचलतात. पहिला किलोला १६० पडला, दुसरा एकशे साडेअडुसष्ट. पिशवीतही तेच. ९१० ग्रॅमची पिशवी १४६ ला आणि ८५० ग्रॅमची १४० ला असेल तर सहा रुपयांनी स्वस्त दिसणारी पिशवी १०० ग्रॅमला चाळीस पैशांनी महाग आहे. पूर्वी काही वस्तू ठरावीक वजनातच पाकीटबंद करायची सक्ती होती, ती उठल्यापासून ही वजनं फार सुटली. पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापणं बंधनकारक आहे, पण तो इतका बारीक असतो की चष्मा विसरलेल्या माणसाला काही उपयोग नाही.

बायपासवर मोठं दुकान २०१८ मध्ये आलं. आमच्या एकशेचाळीस याद्यांपैकी साठ पहिल्या सहा महिन्यांत गेल्या. साखर त्यांनी आमच्या खरेदीच्या खाली लावली, पण ठरावीक रकमेच्या वर बिल केलं तरच. काकूंनी सत्तावीस ओळींची एकच यादी दोन्हीकडून भरून घेतली आणि दोन्ही बिलं आमच्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. सहा वस्तू तिकडे स्वस्त, पंधरा सारख्या, सहा आमच्याकडे स्वस्त. फरक चौऱ्याण्णव रुपयांचा, त्यांच्या बाजूने. पण तिकडच्या बिलात यादीत नसलेल्या अकरा वस्तू होत्या. ज्या घरात पैसा मोजून आहे तिथे यादी काउंटरवर देऊन बाहेर उभं राहणं हीच मोठी बचत आहे, हे त्या दिवशी आम्ही काकूंकडून शिकलो.

साठ्याच्या नियमाचा राग मात्र अजून आहे. जून २०२३ मध्ये तूर आणि उडदावर मर्यादा आली, किरकोळ दुकानाला पाच टन. साखळी दुकानांना प्रत्येक दुकानात पाच टन आणि शिवाय गोदामात दोनशे टन. पुढे सप्टेंबरमध्ये ही गोदामाची मर्यादा पन्नास टनांवर आणली. पाच टन तूर आमच्याकडे मावणारच नव्हती. तरी तपासणीला माणूस आला तो आमच्याकडे, आणि कट्टे मोजून गेला.

काट्याबद्दल थोडं. जुनी पितळी तागडी अजून माळ्यावर आहे. रोज सकाळी पासंग, म्हणजे रिकामी पारडी समतोल आहेत का ते, बघितल्याशिवाय तिच्यावर पहिलं वजन पडत नसे. आता इलेक्ट्रॉनिक काटा. त्याचं सरकारी सील दर वर्षी करून घ्यावं लागतं, लोखंडी वजनांचं दोन वर्षांनी. समोरचा आकडा शून्यावर आहे का ते माल ठेवण्याआधी बघा, आणि डबा घरचा असेल तर आधी रिकामा ठेवून शून्य करायला सांगा. दुसरं, ५ ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्यावर १०० ग्रॅमच्या आतलं वजन करू नये. तो तेवढ्यासाठी बनलेलाच नाही. वेलदोडे, लवंग, दालचिनी २५ ग्रॅम घेताना त्या काट्यावर दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे झाले की दहावा हिस्सा गेला. यासाठी आम्ही छोटा काटा काचेच्या पेटीत ठेवतो, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही त्याचा आकडा हलतो.

१८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि छापील लेबलच्या डाळी-धान्यावर, पंचवीस किलोपर्यंत, पाच टक्के जीएसटी आहे. पोत्यातून समोर मोजून दिलेल्या सुट्या मालावर नाही. म्हणून आम्ही डाळीच्या तयार पिशव्या करणं थांबवलं. गर्दीच्या दिवशी एका यादीला पंधरा मिनिटं जास्त लागतात, पण डाळ नखाने खरवडून बघायची संधी मिळते. तेल लावून चमकवलेली असेल तर बोटाला लागतं. अशी डाळ घेऊ नका.

यादीच्या छापील कागदावर वस्तू, वजन आणि रक्कम असे तीन रकाने होते. २०२४ पासून चौथा घातला आहे, १०० ग्रॅमचा दर. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, टूथपेस्ट आणि बिस्किटांचा कर अठरावरून पाचवर आला तेव्हा याच रकान्यात लोकांना फरक दिसला, आणि एका साबणाची वडी त्याच किमतीत मोठी झालेलीही दिसली. काकूंच्या या महिन्याच्या यादीत तूरडाळ अडीच किलो आहे, मसूर अर्धा, आणि खोबरं परत पाव किलो.