मचूळ पाणी आणि ओम्नीचा पत्रा

हर्णै बंदरावरच्या लिलावातली मासळी बर्फासकट भरून आतल्या गावांत फिरवणाऱ्या गाड्या पत्र्यावरूनच ओळखू येतात. माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम दापोली भागातलं, त्यामुळे अशा गाड्या नेहमीच्याच. पण गेल्या वर्षी एप्रिलमध्ये खाडीकाठच्या एका घरी ओम्नी बघायला गेलो, तिच्यासारखं कोडं मला आधी पडलं नव्हतं.

मासळीचा धंदा मावशींचा, गाडी चालवतो मुलगा. त्याने अंगणातच कॉम्प्रेसर लावून गाडी रंगवली होती. काम मनापासून केलेलं, खळगे भरायच्या पुट्टीची कड कुठे दिसत नव्हती. तरी पहिल्याच पावसात रंगाखाली मोहरीएवढे फोड आले. पुन्हा रंगवली, पुन्हा फोड. "डब्यातच भेसळ होती, दादा," तो म्हणाला. त्याचा सगळा राग रंग विकणाऱ्यावर.

मी एक फोड नखाने उकलला. रंग आणि प्रायमर एकमेकांना धरूनच निघाले, म्हणजे त्या दोघांत भांडण नव्हतं. पकड सुटली होती ती पुट्टीवर. पट्टीने पुट्टी खरवडली तर आतून दमट, आणि तिच्याखाली पत्र्यावर बारीक काळे ठिपके. वरवरचा तांबूस गंज घासायचा पेपर मारला की जातो. हे काळे ठिपके खड्डे असतात आणि त्यांच्या तळाशी मीठ बसलेलं असतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढतं, आणि आपल्या किनाऱ्यावर तशा रात्रींना तोटा नाही. रंगाच्या थरातून ओल थोडीफार झिरपतेच. खाली मीठ असलं की ती तिथे साठते आणि रंग उचलते.

मासळीचं खारट पाणी गळून तळाचा पत्रा खातं, ते समजण्यासारखं आहे. पण इथे फोड दरवाजांच्या वरच्या भागात होते, छतावरही होते. तिथे मीठ पोचलं कसं?

"घासलंस कशाने?"

"वॉटर पेपरने. पाणी सोडत सोडत, 400 नंबरपर्यंत."

पाणी अंगणातल्या विहिरीचं. ओटीवर मावशी कोळंबी सोलत बसल्या होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "त्या पाण्यात आमची डाळ शिजत नाय. प्यायचं पाणी वरच्या वाडीतनं आणतो आम्ही."

मी पोहरा ओढला आणि पाणी जिभेला लावलं. मचूळ! उन्हाळ्यात विहिरीची पातळी उतरते तसं खाडीचं पाणी जमिनीतून आत सरकतं. पॉलिस्टर पुट्टीत शंखजिऱ्याची भुकटी असते, ती पाणी पिते. पेपर मारताना हे पाणी पुट्टीत मुरलं, उन्हात पाणी उडून गेलं, मीठ राहिलं आणि वरून प्रायमरने दार लावून घेतलं. ज्या पाण्याने पोराने एवढ्या निगुतीने गाडी धुतली, त्यानेच घात केला होता. रंगवाल्याचा काही दोष नव्हता.

त्याला पटावं म्हणून दरवाजाचे दोन तुकडे चकचकीत होईपर्यंत घासले. एकावर विहिरीचं पाणी फिरवलं, दुसऱ्यावर वाडीतलं गोडं. गोड्या पाण्याचा तुकडा पुसला, तो करडाच राहिला. विहिरीचा तुकडा आमच्या डोळ्यांदेखत पिवळा पडत गेला. पोरगा काही बोलला नाही, पिंपं घेऊन वाडीकडे निघाला.

मग काम मुळापासून काढलं. चुंबक फिरवला; जिथे तो धरेना तिथे पुट्टी जाड, ती सगळी उतरवली. तारेच्या ब्रशवर माझा भरवसा नाही, तो गंज काढण्यापेक्षा त्यालाच चमकवतो. 80 नंबरचा पेपर, खड्ड्यांसाठी टोकदार पोगर, मग फॉस्फरिक ॲसिडचं गंजनाशक, आणि भरपूर गोड्या पाण्याने धुणं. ॲसिडचा अंशही राहता कामा नये, नाहीतर त्यावर एपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची भोकं असतात, ती वाळू आणि माशांच्या खवल्यांनी गच्च बुजली होती. तारेने ती मोकळी केली तेव्हा आतून काळं पाणी धार धरून आलं.

उघड्या पत्र्यावर आधी एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पुट्टी, हा क्रम मी किनाऱ्यावर मोडू देत नाही. पुट्टीत हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारं मिश्रण, 100 ग्रॅमला 2 ग्रॅमच्या आसपास, आणि घासणं कोरडंच. स्प्रे दहिवर सुकल्यावर, पण दुपारचा खारा वारा सुटायच्या आत. रंग सिंथेटिक घेतला. दोन भाग मिसळून वापरायच्या टूके (2K) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साध्या मास्कने ते अडत नाही, आणि त्या अंगणात लहान मुलं खेळत होती. चकाकी थोडी कमी मिळेल हे मावशींना आधीच सांगितलं.

पावसाळा संपल्यावर गाडी पुन्हा पाहिली. छत आणि दरवाजे साफ आहेत. डाव्या मागच्या चाकावर दोन पत्रे जिथे एकमेकांवर जोडलेत, त्या सांध्यात मात्र फोड आलेत. फटीत अडकलेल्या मिठापर्यंत पेपरही पोचत नाही आणि पाणीही. तो पत्रा कापून नवा लावायचं ठरलं आहे.