खान्देशच्या थंडीत कंद जपताना

डिसेंबरात पारा दहा अंशांच्या खाली उतरू लागला की तापीकाठचे केळी बागायतदार रात्री बागेला विहिरीचे पाणी देतात आणि पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात. जमिनीखालून आलेले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते, त्यामुळे केळीला त्याचा आधार होतो. घरच्या कुंड्यांतील रंगीत पानांचे कॅलॅडियम आणि कळलावीची फुलवेल या कंदांपासून वाढणाऱ्या झाडांनाही आपण त्याच मायेने पाणी घालतो, आणि तिथेच घात होतो. केळ हिवाळ्यातही हिरवी असते, तिची मुळे पाणी उचलत असतात. कॅलॅडियमचा कंद मात्र पाने गळताच सुप्तावस्थेत जातो. गार, ओल्या मातीत पडून राहिलेला असा कंद आतून मऊ पडतो आणि सडतो.

पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्यावे, परंतु हिरवे पान कापू नये, कारण वाळेपर्यंत ते कंदात अन्न साठवत असते. पाने पूर्ण वाळल्यावर कंद काढून माती हातानेच झाडावी, तो न धुता काही दिवस सावलीत सुकवावा आणि कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) किंवा लाकडाच्या भुशात, एक कंद दुसऱ्याला टेकणार नाही अशा बेताने, बांबूच्या टोपलीत ठेवावा. हवाबंद डबा टाळावा. कॅलॅडियम मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. पंधरा अंशांखालची थंडी त्याच्या कंदाला सोसत नाही, म्हणून टोपली गच्चीवर किंवा खिडकीशी न ठेवता आतल्या खोलीत ठेवावी. जाड मातीच्या भिंतींचे धाब्याचे घर ज्यांच्याकडे अजून आहे, त्यांना याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही.

कळलावीचा कंद बोटांसारखा लांबट आणि ठिसूळ असतो व त्याचा डोळा टोकाशीच असतो. टोक मोडले की तो तुकडा उगवत नाही. त्यात कोल्चिसिन हे तीव्र विष असल्यामुळे तो आले-बटाट्यांच्या जवळपासही ठेवू नये आणि टोपलीवर ठळक चिठ्ठी लावावी. डेलियाची तऱ्हा उलटी आहे: मेक्सिकोच्या डोंगराळ भागातले हे झाड आपल्या हिवाळ्यातच फुलते आणि त्याचे कंद उन्हाळ्यात जपावे लागतात.

थंड देशांतील माळ्यांची काळजी वसंतात संपते. आपल्याकडे थंडी सरताच कंदांची खरी परीक्षा सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि भुशातले कंद सुरकुतू लागतात. महिन्यातून एकदा प्रत्येक कंद हातात घेऊन दाबून पाहावा, मऊ पडलेला लगेच वेगळा काढावा आणि सुरकुतलेल्यांच्या भुशावर पाण्याचा अगदी हलका हबका मारावा. मार्चमध्ये कॅलॅडियमला कोंब दिसू लागले की ते दाट सावलीतल्या कुंडीत लावावे. कळलावीला मात्र मृगाच्या पावसापर्यंत थांबू द्यावे, आणि लावताना कंद आडवा ठेवून वेलीसाठी काठीचा आधार त्याच वेळी रोवावा, म्हणजे पुढे काठी खुपसताना कंदाला इजा होत नाही.